हवा काढलेलं भरीत

पिशवी हाताला गार लागली नाही.

पुण्यात, योगिताच्या स्वयंपाकघरात मी उभी होते. योगिता माझी धाकटी नणंद, सातवा महिना लागलेली. तिच्या डोहाळजेवणाला बायका यायला थोडा वेळ होता आणि सासूबाईंनी गावाहून, सावद्याहून आणलेलं सामान मी ओट्यावर मांडत होते. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा, केळीचे वेफर्स, हळद लावून वाळवलेल्या मिरच्या. तळाशी जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या भरिताच्या चपट्या पिशव्या. फ्रीजरमधून निघालेली वस्तू टॉवेलात गुंडाळली, रात्रभर प्रवासात राहिली, तरी तिला थोडा तरी गारवा असतो. टॉवेल तरी दमट होतो. हा टॉवेल खडखडीत कोरडा होता.

"आई," मी विचारलं, "हे भरीत कुठे ठेवलं होतं?"

सासूबाई खाली बसून ओटीचे नारळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कपाटात."

"कुठल्या कपाटात?"

"अवं, आपल्या फडताळात. डाळीच्या पिशव्यांजवळ. अजून कुठी ठेवतात?"

मी माहेरी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हे भरीत केलं होतं, फोनवर मला तसं कौतुकानं सांगितलंही होतं. माहेरी मी आठवडाभराहून जास्त राहिले आणि तिथूनच शर्वीला, माझ्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन थेट पुण्याला आले. म्हणजे तेवढे सगळे दिवस ते शिजलेलं, ओलं, लसूण घातलेलं भरीत हवा काढून, तोंड बंद करून, साध्या कपाटात पडून होतं.



ते मशीन घरात मीच आणलं होतं. पिशवीतली हवा ओढून घेणारं आणि तोंड चिकटवून टाकणारं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हवा काढाले मशीन? आमच्या घरात कोणाची हवा काढायची त तुझी आत्तेसासू एकटी पुरते." मग मी उन्हाळ्यात भरलेली तूरडाळ त्यांना ऐन पावसाळ्यात काढून दाखवली. एक किडा नाही, एक जाळं नाही. त्या डाळीकडे त्या किती तरी वेळ पाहत बसल्या. त्या दिवसापासून मशीन माझं राहिलं नाही.

काटकसर माझ्यापेक्षा त्यांच्या रक्तात जास्त. पिशवीचा रोल कापताना हातभर जास्त लांब कापायचा, म्हणजे दर वेळी तोंडाशी थोडीशीच कातरून तीच पिशवी पुन्हा वापरता येते, हे मी त्यांना शिकवलं. डाळीची पिशवी धुऊन पुन्हा डाळीलाच वापरायची, तेलकट वस्तूची पुन्हा वापरायची नाही, हेही सांगितलं. पण धुतलेल्या पिशव्या उलट्या करून शर्वीच्या लंगोटांशेजारी दोरीवर चिमटे लावून वाळवायची शक्कल त्यांची. पापडांची हवा ओढली की चुरा होतो, म्हणून नुसतं तोंड चिकटवायचं, हे त्यांनी एक पापडांचं पुडकं बळी देऊन स्वतः शोधलं. चिवड्याची, शेवेची विकतची पाकिटं फोडली की तीसुद्धा त्या मशीनच्या गरम पट्टीवर चिकटवून बंद व्हायची. त्यामुळे घरातले रबर आणि कपड्यांचे चिमटे मोकळे झाले. मटारच्या दिवसांत आम्ही दोघींनी फ्रीजर असा भरला, की बर्फाच्या ट्रेला जागा उरली नाही. उन्हाळा लागला तेव्हा त्यांनी सासऱ्यांची लोकरीची टोपी आणि मफलरसुद्धा हवा काढून बंद करून टाकले. सासरे म्हणाले, "पुढच्या वर्षी मलेच भरशील पिशवीत." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या मापाचा रोल भेटत नही."

मला हे सगळं आवडायचं. घरात काही वाया जात नव्हतं आणि आम्हा दोघींना बोलायला एक विषय मिळाला होता. त्या भरिताच्या पिशव्या हातात धरून उभी असताना मला हेच आठवत होतं.

"आई, हे आज वाढायचं नाही."

आता त्यांनी मान वर केली. "काय झालं? फुटली का एखादी?"

"नाही. पण हे खराब झालेलं असू शकतं."

त्या उठल्या, माझ्या हातातून पिशवी घेतली, उजेडाकडे धरली, दाबून पाहिली. "फुगली नही. बुरशी नही. पाणी सुटलं नही. कुठी खराब आहे?"

"दिसत नाही, आई. काही जंतूंना हवा लागतच नाही. उलट हवा नसली की ते वाढतात. डाळ कोरडी असते म्हणून चालतं. ओलं, शिजलेलं अन्न असं भरून बाहेर ठेवलं तर त्यात विष तयार होऊ शकतं. वास येत नाही, चव बदलत नाही."

"विष?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "माझ्या हातच्या भरितात?"

"हातात नाही हो आई, पिशवीत."

"तूच त म्हणाली होती, हवा गेली की टिकतं!"

"डाळीबद्दल म्हणाले होते."

"तव्हा त डाळ म्हणून नही बोलली. फ्रीजर मटारनं गच्च. मंग मी म्हटलं, हवाच नही त फ्रीज कशाले? लाईटही वाचते."

त्यांचं चुकलं कुठे, हे मला कळत होतं आणि ते समजावायला तेव्हा वेळ नव्हता. कारण त्या भरितामागे काय होतं, हेही मला माहीत होतं. गेला महिनाभर योगिता फोनवर एकच म्हणत होती, "आई, मला आपल्याकडचं भरीत पाहिजे. इथली वांगी नकोत. गॅसवर भाजलेलं तर मुळीच नको." सासूबाईंनी माणूस पाठवून बामणोदची वांगी आणवली, हिरवी, पांढऱ्या रेघांची. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर अंगणात स्वतः भाजली. गुडघे धरलेले असताना उकिडवं बसून लाकडी बडगीत कुटली. बाईचे डोहाळे अपुरे राहिले, तर मूल लाळ गाळतं म्हणतात आमच्याकडे. योगिताचं मूल पुढे जगातल्या प्रत्येक मुलासारखीच लाळ गाळायचं आणि त्यातला थेंब न् थेंब माझ्या नावावर जमा झाला. पण ते पुढचं.

"गरम करून घेऊ," सासूबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी खाली आणला होता. मला या पेचातून सोडवायला बघत होत्या, हे आता कळतं. "फोडणी देते पुन्हा. झालं?"

"फोडणीनं होत नाही. खूप वेळ खळखळ उकळावं लागेल. आणि तसं उकळलं तरी मी ते पोटुशा बाईला देणार नाही."

"तू देणार नही?" आता आवाज खाली नव्हता. "लेक माझी आहे, हर्षदा."

तेवढ्यात पुष्पाताई आत आल्या. योगिताच्या सासूबाई. नऊवारी नेसलेल्या, हातात हळदीकुंकवाचा करंडा. "काय चाललंय मायलेकींचं?" त्या हसून म्हणाल्या. "बायका जमायला लागल्या. योगिताला फुलांचे दागिने घातलेत आणि ती म्हणते, झोपाळ्यावर नंतर बसेन, आधी भरीत दाखवा."

"आमची सून म्हणते भरिताले विष चढलं," सासूबाई म्हणाल्या.

पुष्पाताईंचा हात करंड्यावरच थांबला. "अहो, शुभ दिवशी असं कसं बोलता!"

"मी नही बोलत. ती बोलते. कॉलेजात शिकलेली आहे ती. जंतूंचं."

मायक्रोबायॉलॉजीची पदवी मला आमच्या घरात याच नावानं मिळाली होती: जंतूंचं शिकलेली. शर्वी झाल्यापासून तर त्या पदवीची थट्टाच झाली होती. मी बाटल्या उकळते, खेळणी धुते, कोणी खोकलं की मुलीला दुसऱ्या खोलीत नेते. नवरासुद्धा म्हणायचा, "तू भीतीत पीएचडी कर." त्यामुळे त्या दिवशी मी काय सांगते आहे, हे कोणी ऐकतच नव्हतं. कोण सांगतंय, एवढंच ऐकू जात होतं.

प्रफुल्ल आला. माझा नवरा. आईचा चढलेला आवाज ऐकून आला असणार. मी त्याला थोडक्यात सांगितलं. त्यानं एका पिशवीचा कोपरा कात्रीनं कापला, नाकाशी धरला.

"मस्त वास येतोय," तो म्हणाला. "काड्यांचा धूर लागलाय अगदी."

"वासावरून कळत नाही, प्रफुल्ल."

"मग कशावरून कळतं?"

"इथे बसून कशावरूनच कळत नाही."

"मग तुला तरी कसं कळलं?"

"मला कळलेलं नाही. असू शकतं, एवढं माहीत आहे. तेवढं पुरे."

त्यानं माझा दंड धरून मला खिडकीशी नेलं. "हर्षदा, आजचा दिवस जाऊ दे. आई रडवेली झालीय. शंभरात एखाद्या वेळी होत असेल असलं काही."

"त्या शंभरात तुझी बहीण बसवायची का?"

"सगळ्या गावाचं अन्न काय फ्रीजमध्येच असतं का? आपण मोठे झालोच ना?"

"गावात हवा काढायचं मशीन नव्हतं."

त्यानं माझा दंड सोडला. पण ती कबुली नव्हती. कंटाळा होता.

दारात योगिता येऊन उभी राहिली. मोगऱ्याच्या कळ्यांचा बाजूबंद, कमरेला कळ्यांचाच पट्टा, हिरवी साडी. तिच्यामागे दोन-तीन पाहुण्या बायका डोकावत होत्या. "वहिनी, काय झालं गं? मला सकाळपासून दुसरं काही खावंसंच वाटत नाहीये. दादा, ती कापलेली पिशवी दे ना इकडे."

प्रफुल्लनं हात पुढे केला. मी मधे आले आणि पिशवी घेतली. मग ओट्यावरच्या उरलेल्या सगळ्या गोळा करून कवेत धरल्या, लहान मूल धरावं तशा.

"योगिता, मी तुला आज दुसरं काहीही करून देते. मंडईतून वांगी आणते आणि आत्ता भाजते. हे नाही."

"तुला काय अडचण आहे?" योगिता दारातून आत आली. "आईनं माझ्यासाठी केलंय. तुझ्या वेळी तू काय काय मागितलं होतंस, आई नाही म्हणाली का एकदा तरी?"

नव्हत्या म्हणाल्या. मध्यरात्री चिंच मागितली तरी आणून दिली होती. दारातल्या एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलं. मला ऐकू येईल इतपत हळू ती म्हणाली, "भावजय आहे ना."

मी जागची हलले नाही.

"द्या इकडे," सासूबाई म्हणाल्या. मला त्या एरवी कधीच अहोजाहो करत नाहीत. तेव्हा एकदा केलं. पाहुण्यांसमोर परकं करायचं असलं की माणसं असंच करतात.

"नाही."

"बरं. लेकीले देऊ नको." त्यांनी माझ्या कवेतली वरची, कोपरा कापलेली पिशवी ओढून घेतली. मला दोन्ही हातांनी बाकीच्या सांभाळायच्या होत्या. त्यांनी वाटीत भरीत काढलं, कांद्याची एक फोड घेतली. "मी खाते. सगळ्यांसमोर खाते. विष आहे ना? पाहू मले काय होते ते. संध्याकाळपर्यंत जगली त माझ्या लेकीले वाढजो. अन् मेली त तुझं खरं."

प्रफुल्ल म्हणाला, "हां, हे बरं. आई खाईल, विषय मिटेल."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. पुष्पाताई तर हसल्यासुद्धा. अडलेल्याला वाट सापडावी तसा सगळ्यांना हा मार्ग सापडला होता. पोटुशी बाई बाजूला राहिली, वाद मिटवायला म्हातारी पुढे आली. मी नुसतं उभं राहायचं होतं. गप्प राहायचं होतं. बाकी कोणाला काही करायचंच नव्हतं.

त्यांनी बोटांनी घास उचलला. तोंडापाशी नेला.

मी कवेतल्या पिशव्या सोडून दिल्या आणि त्यांच्या हातावर फटका मारला.

घास उडाला. वाटी फरशीवर आपटून गरगरत दारापर्यंत गेली. काळपट हिरवं भरीत त्यांच्या साडीवर, पुष्पाताईंच्या नऊवारीच्या काठावर, फ्रीजच्या दारावर. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं.

सासूबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते.

"तू मले मारलं," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा तोच हात धरला, नळाखाली नेला आणि साबणानं धुतला. बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. शर्वीचे धुते तसा. त्यांनी हात ओढून घेतला नाही. मला वाटतं, त्यांना इतका धक्का बसला होता की हात आपलाच आहे हेही त्यांच्या लक्षात नसावं. मग मी फरशी पुसली, ते कापड आणि सगळ्या पिशव्या कचऱ्याच्या दुहेरी थैलीत घालून गाठ मारली. दारातल्या बायका बाजूला झाल्या, आडव्या आलेल्या मांजरीला द्यावी तशी वाट दिली. मी थैली खाली इमारतीच्या मोठ्या डब्यात टाकून आले.

वर आले तेव्हा प्रफुल्ल जिन्यातच उभा होता. "आईची माफी माग," तो म्हणाला. "पाया पड आणि माफी माग. सगळ्यांसमोर."

"पाया पडते," मी म्हटलं. "त्यांच्या मनगटावर वळ उठलेत, त्यासाठी पडते. घास पाडल्याची माफी मागणार नाही."

"एवढा कसला ताठा?"

"ताठा म्हण."

मी आत गेले. झोपाळ्याशेजारी खुर्चीत बसलेल्या सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. डोक्यावर हात ठेवला नाही. मी उठले, शर्वीला कडेवर घेतलं आणि मंडईत गेले. मिळाली ती जांभळी वांगी आणली, गॅसवर भाजली. योगितानं ताटातलं ते भरीत बाजूला सारलं आणि वरणभात खाल्ला. मी ताट उचललं तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही.

बायका पांगल्या. दिवेलागणीला आतल्या खोलीत मी शर्वीला मऊ भात भरवत होते. सासूबाई आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या. साडी बदललेली होती. 

"तुले खरंच वाटलं, मी मरीन?"

"वाटलं."

"पक्कं?"

"पक्कं नाही. पण तेवढं वाटलं."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "योगिता त बाजूले झाली होती. मीच खात होती. मी आपल्या मर्जीनं खात होती. मले खाऊ दिलं असतं त काय झालं असतं? मले काही नही झालं, त तू खोटी पडली असती. झालं असतं, त खरी ठरली असती." त्यांनी टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. "एक तरी काही ठरलं असतं. आता काहीच नही ठरलं. आता जन्मभर सगळे तुले नावं ठेवतील."

"ठेवू देत."

"तुले खरी नही ठरायचं?"

शर्वीनं तोंडातला भात बाहेर काढला. मी तो पुसला.

"आई, मला खरं ठरवायला तुम्हाला ते खावं लागलं असतं," मी म्हटलं. "तसं मला खरं ठरायचं नाही."

 त्यांनी उठताना पलंगाला हात टेकला, वळ उठलेलाच. दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "पण मारलंस तू. मारलंस ते मी सांगणार."

"सांगा."

त्यांनी शब्द पाळला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. योगिताचा मुलगा शाळेत जातो. सासूबाई ती गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगतात. नव्या सुना आल्या की त्यांना मुद्दाम शेजारी बसवून सांगतात. दर वेळी फटका थोडा मोठा होतो. एकदा तर मी पळी उगारली होती असंही त्यांनी सांगितलं. ऐकणाऱ्या बायका माझ्याकडे वळून बघतात आणि मी बघू देते. त्या भरितात काही होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. कोणी खोदून विचारलं तर मी तेवढंच सांगते, आणि हेही सांगते की उद्या कोणी तसा घास उचलला तर मी पुन्हा पाडीन.

परवाच एका साखरपुड्यात त्या पुन्हा रंगात आल्या होत्या. दम लागत होता, मधेच थांबून पाणी पीत होत्या, मनगट पुढे करून "इथी, इथी मारलं" म्हणून दाखवत होत्या. योगिता माझ्या शेजारी बसली होती. ती पुटपुटली, "वहिनी, पुरे झालं म्हणून सांग ना तिला. तुला राग नाही येत?"

मी सासूबाईंकडे बघत होते. हातवारे करत, डोळे मोठे करत, भोवतीच्या पोरींना हसवत होत्या.

"सांगू दे," मी म्हटलं. "सांगायला त्या आहेत."